प्रयागबाईंचा आठवा भाग

आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला मुली चिडीचूप बसत. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय ही शिस्त! शिस्त कसली, भीती होती ती. शिवण शिकवणाऱ्या बाईंचं नाव होतं प्रयाग, आणि प्रयाग म्हणजे कोण हे तेव्हा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रयाग म्हणजे विहिरीतून वर येणारी, ओल्या केसांची, हातात सुई धरलेली बाई. ती सुई पुढं करते आणि म्हणते, "दोरा ओवून दाखव." ओवता आला नाही की माणूस संपला.

सिनेमातली हो! पण मुलींना एवढा फरक कोण समजावणार? तिच्याही हातात सुई, हिच्याही हातात सुई. बाई वर्गात येऊन सहज म्हणायच्या, "हं, ओवा दोरे," आणि मागच्या बाकावरची एखादी भोकाड पसरायची.

बरं, एक सिनेमा निघाला आणि संपला असंही नाही. पहिला 'प्रयाग'. मग 'पुन्हा प्रयाग'. मग 'प्रयागचा सूड', जणू आधीच्या दोन भागांत ती सत्यनारायण घालत होती. पाचव्या भागात गोष्ट डोंगरावरच्या हॉटेलात गेली. तिथं विहीर कुठली? म्हणून ती पोहायच्या तलावातून वर आली. दर भागाच्या शेवटी कुणीतरी मिशाळ हिरो तिला संपवायचा. कधी पिंपळाला खिळा ठोकून, कधी जाळून, एकदा तर मडक्यात कोंडून. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयागबाई पदराला पिन लावून, डबा घेऊन शाळेत हजर.

दिसायला त्या भुतासारख्या मुळीच नव्हत्या. उंच, सडपातळ, कडक खळीची सुती साडी. पण टाचा दुखायच्या म्हणून साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या, त्यामुळं चालताना पावलांचा आवाज म्हणून यायचा नाही. मागं येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. मी एकदा सांगितलं, "बाई, निदान पैंजण तरी घाला." त्या म्हणाल्या, "पैंजण घातले तर म्हणतील, आता छुमछुम करत येते. बूटच बरे."

बोलणं एरवी स्वच्छ, पुस्तकी. राग आला की मात्र गावाकडची, शेंद्र्याची भाषा बाहेर यायची. राग यायचा, पण आवाज चढायचा नाही. प्रयागबाई भांडायच्या नाहीत. त्या लक्षात ठेवायच्या.

शहागंजाच्या बाजारात रिळांचं आणि गुंड्यांचं एक दुकान होतं. शिवणवर्गाचं सामान आम्ही तिथूनच आणायचो. दुकानदारानं एकदा पावती करताना बाईंचं नाव विचारलं आणि ऐकून शेजारच्या भावाला डोळा मारला. बाईंनी तो बघितला. पुढच्या गुरुवारी गेल्या, रिळांचे सगळे डबे खाली काढायला लावले, गुलाबीची एकेक छटा दाराशी उन्हात नेऊन पारखली आणि "बघू पुढच्या गुरुवारी," म्हणून रिकाम्या हातानं परत आल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. हे इतके महिने चाललं, की शेवटी त्या माणसानं हात जोडले. "बाईजी, मेरी गलती क्या हय, वो तो बोलो!"

"डोळा," बाई म्हणाल्या.

त्याला आठवलं. चेहऱ्यावरून कळलं मला, मी पिशवी धरून शेजारीच उभी होते. त्यानं कान पकडले. बाईंनी एक पांढरं रीळ घेतलं आणि हिशेब मिटला.

चित्रकलेच्या मास्तरांना सवय होती, बाई स्टाफरूममध्ये आल्या की सिनेमात भूत येण्याआधी वाजते ती शीळ वाजवायची. कुठंतरी अडकून त्यांची पॅंट उसवली, आणि शिंप्याकडं कशाला जायचं म्हणून त्यांनी ती शिवणवर्गात दिली. बाईंनी ती इतकी सुरेख शिवली की उसवल्याची खूण दिसेना. आणि दोन्ही खिशांची तोंडं आतून शिवून टाकली. झेंडावंदनाला सगळ्या शाळेसमोर मास्तरांना शिंक आली आणि ते रुमालासाठी खिसा शोधत राहिले. त्यानंतर शीळ बंद.

आता मी या सगळ्यात कुठं होते ते सांगते, म्हणजे हसायला जरा सोपं जाईल. पहिला 'प्रयाग' आला त्याच वर्षी मी शाळेत लागले होते. बी.एड. ताजं, बॉबकट ताजा, आणि अंधश्रद्धा या विषयावर परिपाठाला बोलायची मोठी हौस. "मुलींनो, भूत हा मनाचा खेळ आहे," असं मी मान वेळावून सांगायचे. घरी उशीखाली लिंबू ठेवून झोपायचे. लिंबू वाळलं की आई वरणात पिळायची, तिला वाटायचं मीच विसरून ठेवलंय.

अशी मी, प्रयागबाईंना सिनेमाला घेऊन गेले. "बाई, तुमच्या नावाचा पिक्चर आलाय, चला ना, गंमत!" तेव्हा टॉकीजमध्ये वर बायकांसाठी वेगळी बाजू असायची. दारावर रेहाना खाला बसायच्या. त्यांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. "बेटी, डरना हय तो अब्बीच घर जाव. बाद में मेरेकू तकलीफ नक्को."

"मी विज्ञान शिकवते," मी म्हटलं.

पडद्यावर पोरगी बघायचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे बसलेत, मुलगी आली, चालून दाखव झालं, वाचून दाखव झालं, मग मुलाची आई म्हणाली, "सुईत दोरा ओव गं." मुलीचा हात थरथरायला लागला. ओवेना. पाहुणे फिदीफिदी हसले, मुलगा नाक उडवून उठला, आणि रात्री त्या पोरीनं विहीर जवळ केली. मग ती वर आली. ती वर आली आणि मी खाली गेले. खुर्चीच्या खाली, बेशुद्ध. पुढं कित्येक वर्षं मी सांगत होते की तिथं हवा कोंदट होती. रेहाना खाला जिवंत असेपर्यंत मला रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "क्या, साइन्सवाली, हवा कैसी हय आज?"

शुद्धीवर आले तेव्हा मध्यंतर होतं. बाई पाण्याचा ग्लास घेऊन ताठ उभ्या होत्या. "नलू, ऊठ. हे सगळं खोटं हाय."

"अहो बाई, सिनेमा खोटाच असतो."

"तसं नाय. उलटं हाय."

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर त्यांनी सांगितलं. हे सगळं त्यांच्या घरी घडलं होतं. शेंद्र्याजवळ त्यांच्या वडिलांची शेती, मोठं खटलं. बघायला आलेला मुलगा मनोहर नावाचा, शहरात शिकलेला, एकांकिका लिहिणारा. पाहुण्यांनी हिला चालवलं, वर्तमानपत्र वाचायला लावलं, सुईत दोरा ओवायला सांगितला. हिनं एका झटक्यात ओवला. मग दोरा काढून टाकला, सुई ताटलीत ठेवली आणि ताटली मुलापुढं सरकवली. "आता तुम्ही."

"खरंच?" मी विचारलं. माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला.

"खरंच. मला वाटलं, माझं बघून झालं, आता आपण त्याचं बघावं. तसं कुणी करत नाय हे मला माहीत नव्हतं असं नाय. पण इच्छा झाली." त्यानं बराच वेळ डोळे बारीक करून प्रयत्न केला. बोटात सुई टोचून घेतली. दाराआड हिच्या आत्या आणि चुलत्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या, त्यांतल्या एकीचा पदर निसटला. हिनं वडिलांकडं बघून सांगितलं, "आण्णा, मला हा मुलगा नको." पाहुणे न खाता उठले.

"पोहे आम्हीच खाल्ले," बाई म्हणाल्या. "लई चांगले झाले होते."

मग ग्लास गाड्यावर ठेवून, पुन्हा पुस्तकी भाषेत, अगदी हळू म्हणाल्या, "मी त्याला नाही म्हटलं, नलू. तर त्यानं मला विहिरीत ढकललं. आणि वर सगळ्यांना सांगितलं, ही माझ्यासाठी मेली."

सिनेमा लिहिणारा हाच मनोहर. त्यानं नाव तेच ठेवलं, सुई तीच ठेवली, आणि नकार तेवढा स्वतःच्या खिशात टाकला. मुंबईला जाऊन लेखक झाला, मग निर्माता. बाईंना भूत केलं याचा त्यांना तितका राग नव्हता. "भूत व्हायला काय, कुणीही होईल," असं त्या म्हणायच्या. त्याच्यासाठी जीव दिला, हे त्यांना पचत नव्हतं.

आपल्याला वाटतं, नावावरून चिडवणं म्हणजे काय मोठं. मलाही वाटायचं. तिसरा भाग आला तेव्हा बाई पस्तिशीच्या आत होत्या. जालन्याचं एक स्थळ आलं होतं, बिजवर, पाटबंधाऱ्यात इंजिनीअर, बोलायला शांत. दोनदा येऊन चहा पिऊन गेला. बाईंना त्या आठवड्यात वर्गात गुणगुणताना मी ऐकलं. मग त्याची दोन लहान मुलं भेटायला आली. नाव ऐकलं आणि धाकटीनं बापाच्या पायाला जी मिठी मारली ती सोडेना. निरोप आला, मुलं रात्रीची दचकून उठतात, तेव्हा राहू द्या.

"तो मला पसंत होता," एवढंच बाई म्हणाल्या. त्या विषयावर हे एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

नाव बदलून घ्या, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. मुख्याध्यापिकेनं सांगितलं, भावानं सांगितलं, शहाणपणा ओसंडून चालला होता तेव्हा मीही सांगितलं. "बाई, पल्लवी किती छान नाव आहे!" पुढं आमच्या शहराचंच नाव बदललं, पाट्या बदलल्या, तेव्हा मी पुन्हा म्हटलं, "बघा, एवढं मोठं शहर, त्यानंही बदललं."

"शहराचं शहर बघंल," बाई म्हणाल्या. "माझं नाव माझ्या आजीचं हाय. मी का बदलू? ज्यानं घेतलं त्यानं आणून द्यावं."

आम्ही दोघी निवृत्त झालो. गारखेड्यात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायचो. सकाळी बागेत आमचा हास्य क्लब. हात वर करून ठरल्याप्रमाणं हा हा, हो हो करायचं. बाई हात वर करायच्या, हसायच्या मात्र नाहीत. "कशाला हसू? काय झालंय?" सातवा भाग येऊन जमाना लोटला होता. वाटलं, सुटली बिचारी.

आणि मग एका सकाळी, कानात फोनची पांढरी बोंडं घातलेला एक तरुण बागेत आला. त्याला नऊवारी नेसता येणाऱ्या आज्या हव्या होत्या. शेंद्र्याला शूटिंग आहे, नाश्ता, जेवण, न्यायला-आणायला गाडी. "कसलं शूटिंग?" मी विचारलं.

"'प्रयाग'चा आठवा भाग, आजी. ह्यात दाखवणारेत, ती भूत कशी झाली. अगदी सुरुवातीपासून. ओरिजिनल निर्माते स्वतः आलेत, मनोहर सर."

मी बाईंकडं बघायचं धाडस केलं नाही. शेजारून आवाज आला, "मला येती नऊवारी. हिलाबी येती." मला येत नव्हती. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये त्यांनी ओसरी उभी केली होती. खांब थर्माकोलचे, सारवण रंगाचं. बाई आत शिरून जरा थांबल्या, पायाखालच्या फरशीकडं बघितलं. "इथं आमचा हरभरा असायचा," म्हणाल्या आणि पुढं जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागं, कासोटा एका हातानं धरून. तो सोडायचा नाही असं मी ठरवलंच होतं, इतका भरवसा मला माझ्या नेसण्याचा होता.

दिग्दर्शक एक मुलगी होती, गार्गी. पायात चपला नाहीत, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं आम्हाला समजावलं, "आज्यांनो, तुम्ही मुलीकडच्या बायका. बोलायचं काही नाही. नुसतं बघायचं आणि मधूनमधून कुजबुजायचं." तिच्या मागं, टीव्हीच्या पडद्यासमोर, पाठीवर नाव लिहिलेल्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. सोनेरी काडीचा जाड चष्मा, रंगवलेले केस. बाईंनी त्याच्याकडं एकदाच बघितलं, बाजारात कणीस सोलून बघतात तसं.

पहिल्यांदा घेतलं, बाई गप्प. पोरीचा हात थरथरला, पाहुणे हसले, मुलगा उठला. कट. दुसऱ्यांदा तसंच. मला वाटलं, देव पावला, सुखरूप घरी जाऊ. तिसऱ्यांदा मुलाची आई म्हणाली, "ओव गं दोरा," आणि ती गोड नटी रडवेली होऊन सुई धरते न धरते तोच बाई उठल्या. कॅमेरा चालू होता. बाईंनी तिच्या हातातली सुई घेतली, ताटलीत ठेवली, ताटली नवऱ्यामुलापुढं सरकवली.

"आमच्या पोरीचं बघून झालं, पाहुणं. आता तुम्ही ओवा."

गार्गीनं कट म्हणायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. नवरामुलगा झालेला नट मालिकेतला देखणा गडी. त्याला वाटलं, ऐन वेळी काहीतरी बदललंय. त्यानं बिचाऱ्यानं सुई उचलली. दोरा जिभेला लावला, ओवायला गेला. चुकला. पुन्हा. पुन्हा चुकला. कपाळावर घाम. आणि आमच्या हास्य क्लबातली, रोज सकाळी ठरवून हसणारी एक म्हातारी खरंखुरं फिस्सकन हसली. मग दुसरी. मग आम्ही सगळ्याच. थर्माकोलचे खांब हलले, इतक्या हसलो. त्यात मी कासोटा सोडला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"कट! अरे कट! कोण आहे ही बाई?" म्हातारा काठी टेकत येत होता.

बाई जागच्या हलल्या नाहीत. आण्णांच्या नावासकट, गावाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. प्रयाग म्हणताच चहा घेऊन येणाऱ्या माणसाच्या हातातला ट्रे खाली गेला. सात भाग बघून वाढलेली माणसं होती ती. दोघंतिघं तर चक्क मागं सरकले.

"तू... तू आहेस अजून?" तो म्हणाला.

"सात डाव मारलंस की. उरले."

गार्गी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "सर, म्हणजे हे असं झालं होतं? ह्यांनी तुम्हाला नकार दिला होता?"

सगळं युनिट त्याच्या तोंडाकडं बघतंय. शेवटी तो म्हणाला, "मला दिसत नव्हतं नीट. चष्मा काढून ठेवला होता. चष्मा बघून तू नाही म्हणाली असतीस."

"आडाजवळ पाय धुताना काढून खिशात कोंबलास, ते मी खिडकीतून बघितलं होतं," बाई म्हणाल्या. हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. "म्हणून तर सुई दिली. वाटलं, आता काढंल खिशातून, घालंल, हसंल. मग मी हो म्हटलं असतं. चष्मेवाला चालत होता मला. लपवणारा नको होता."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. बाईंनी मात्र पुरता बघून घेतला.

जेवणाच्या वेळी तो ताट घेऊन आमच्या टेबलाशी आला, बाईंच्या समोर बसला. गार्गी लगेच दुसऱ्या बाजूला. त्याचा हात भाताला लागत नव्हता. "प्रयाग, मी पोरगा होतो तेव्हा. अपमान झाला, लिहून काढला. एवढा चालेल असं कुणाला वाटलं होतं?"

"मीबी पोरगीच होते. मी काढला का शिनेमा?"

"नाव बदलतो. या भागापासून नाव दुसरं करतो, शब्द देतो."

"आता नाय," बाई वांग्याचं देठ बाजूला काढत म्हणाल्या. "आता नाव हेच राहू दे. गोष्ट बदल. आज झालं ते ठेवायचं, त्यातलं कापायचं नाय. आणि त्या नवऱ्यामुलाला नाव दे. सात भागांत त्याला नाव नाय. तुझं दे. आडनावासकट."

तो चक्क हसला. सुटल्यासारखा. मला वाटतं, त्यानं मनात हिशेब केला, भुताच्या सिनेमात नवऱ्यामुलाचं नाव कोण लक्षात ठेवतंय! "दिलं," म्हणाला. "बस? आता माफ केलं असं म्हण."

"वांगं चांगलं झालंय," बाई म्हणाल्या.

गार्गी मात्र कोड्यात पडली होती. "पण आजी, मग ती विहिरीत कशी गेली? तिनं नकार दिला, ती तर खूश असणार."

बाईंनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "ती पाणी शेंदायला वाकली होती. मागून कुणीतरी आलं. कोण आलं असंल, ते तू ठरव. शहाणी दिसतीस."

गार्गीच्या हातातला घास थांबला. मनोहर म्हणाला, "अगं, पण..." आणि चष्मा काढून पुसायला लागला. त्याच्याकडून बाईंनी आणखी काही मागितलं नाही, उलट त्यानंच बाईंचा फोन नंबर मागून घेतला. बाईंनी तो खुशीनं दिला. मला तेव्हा त्याचं आश्चर्य वाटलं होतं.

पुढचे महिने बाई अस्वस्थ होत्या. पैसा त्याचा, कात्री त्याची. "कापंल," म्हणायच्या, "एकदा खिशात कोंबलंय, पुन्हा कोंबंल." हास्य क्लबात हात वर करून शून्यात बघायच्या.

सिनेमा लागला त्या दिवशी सकाळच्या खेळाला आम्ही गेलो. मॉलमधलं थिएटर, गार हवा, आणि या वेळी मी शुद्धीवर होते. सगळं तसंच होतं. बाईंचा हात दिसला, ताटली सरकली, आमचं हसू तसंच्या तसं घेतलं होतं. थिएटरातली पोरंपोरी आमच्याबरोबर हसली. मग तो अपमान गिळून निघून गेलेला नवरामुलगा भर दुपारी परत आला, पाणी शेंदणाऱ्या पोरीच्या मागं. आतून कुणीतरी त्याला बघून हाक मारली, पूर्ण नावानं. पुढं ती विहिरीतून वर आली तेव्हा मी डोळे मिटले, सवय! पण आजूबाजूला शिट्ट्या वाजत होत्या. तिच्यासाठी. आणि शेवटी तिला कुणी जाळलं नाही, खिळा ठोकला नाही. ती ओल्या केसांनी आपल्या आण्णांच्या ओसरीवर जाऊन बसली आणि पडदा काळा झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, आता शांत वाटतंय का?"

"शांत व्हायला मी काय भूत हाय?" त्या म्हणाल्या. "मला आवडलं. पुन्हा बघणारे."

तिकीट काढून त्या खरंच पुन्हा बघायला गेल्या. एकदा नाही, जोवर लागला होता तोवर मनात येईल तेव्हा.

नवऱ्यामुलाचं नाव कुणी लक्षात ठेवत नाही, हा त्याचा हिशेब चुकला. लोकांनी ठेवलं. मोबाइलवर तो प्रसंग घरोघर फिरला. माझी नात तिच्या मित्राला, काही जमलं नाही की, त्याच नावानं हाक मारायला लागली. कॉलेजांत, दुकानांत, जिथं एखादा बाप्या फुशारकी मारून फसला तिथं ते नाव. सिनेमा धो धो चालला, त्याचा पैसा सगळा मनोहरकडंच गेला म्हणा, पण तो राहायचा त्या मुंबईच्या सोसायटीत खाली खेळणारी पोरं तो दिसला की ओरडायची, "काका, दोरा ओवून दाखवा!"

हे मला कसं कळलं? तो फोनवर बाईंना सांगत होता आणि बाईंनी फोन मोठ्यानं लावला होता, मला ऐकू यावं म्हणून. आवाज अगदी बारीक झाला होता. वाचमन हसतो म्हणाला. सून नातवंडांसमोर हसते म्हणाला. "प्रयाग, मला खाली उतरायची चोरी झाली गं. तू एकदा कुठंतरी बोल, की हे सगळं गमतीनं केलं, तसं काही नव्हतं. तुझं ऐकतील."

"कधीपासून चाललंय हे?" बाईंनी काळजीनं विचारलं. मी चमकून बघितलं, इतकी ती काळजी खरी वाटत होती.

"महिना होत आला."

"माझी सगळी नोकरी गेली त्यात, मनोहर. जालन्याचं एक घर गेलं. तेवढी वर्षं होऊ दे. मग फोन कर, बोलू." आणि फोन ठेवला.

त्याला तेवढी वर्षं कुठली उरायला? तो रोज करायचा. बाई उचलायच्या नाहीत, नंबर बंदही करायच्या नाहीत. भाच्यानं म्हटलं, "आत्या, ब्लॉक करून देतो." त्या म्हणाल्या, "खबरदार!"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते क्रांती चौकात. मला लेकीकडं सिडकोला जायचं होतं, त्यांना घरी गारखेड्याला. नंतर महिनाभर मी लेकीकडंच राहिले आणि परत येण्याआधी बाई झोपेतच गेल्या, तेव्हा तेच शेवटचं. त्यांना रिक्षात बसवलं. कडक खळीची साडी सावरून, पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या तोच पिशवीतला फोन वाजला. ऐकू कमी यायचं म्हणून भाच्यानं त्यांच्या फोनला कोंबड्याचं आरवणं लावून दिलं होतं. भर दुपारी, भर चौकात तो कोंबडा असा काही आरवला की शेजारचे स्कूटरवाले वळून बघायला लागले. बाईंनी पिशवीचं तोंड जरा उघडून नाव बघितलं आणि पुन्हा मिटलं.

रिक्षावाला आरशातून म्हणाला, "अम्मा, उठाव ना फोन. कोई तो परेशान हय."

"हौ," बाई म्हणाल्या. "चलो तुम. बजने दो."

सिग्नल सुटला. रिक्षा गारखेड्याच्या बाजूला वळली, गर्दीत शिरली, तरी तो कोंबडा आरवतच होता. मागच्या छोट्या खिडकीतून बाईंची पाठ दिसत होती, ताठ, आणि मान एका अंगाला जराशी कललेली, आवडीचं गाणं लागल्यावर कलते तशी.